चार व्होल्टच्या टॉर्चमध्ये लिथियम सेल बसवताना: आधी जुनं चार्जिंग काढा

रब्बीत गव्हाला, हरभऱ्याला पाण्याची रात्रीची पाळी आली की दारं धरायला जाताना हातात टॉर्च लागतेच. बांधावर घोणस बसलेली असू शकते, पाटाच्या कडेला विंचू असतो. पाय टाकायच्या आधी जागा दिसली पाहिजे. आणि नेमकी तेव्हाच आठवडी बाजारातून आणलेली चार्जिंगची टॉर्च दगा देते. रात्रभर पिनेला लावून ठेवली तरी दहा मिनिटांत पिवळी पडते.

अशी टॉर्च फेकू नका. कवच, आरसा, स्विच, एलईडी सहसा धड असतात. मेलेली असते ती आतली चार व्होल्टची लेड ॲसिड बॅटरी. हंगाम संपल्यावर ती उतरलेल्या अवस्थेत सहा महिने खुंटीला टांगून राहते, आत शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचा थर धरतो आणि मग ती चार्ज घेत नाही. तिच्या जागी एक लिथियम सेल बसवला की तीच टॉर्च पाच-सहा तास एकसारखी चालते. जुन्या लॅपटॉपचा चांगला सेल मिळाला तर सगळा खर्च साधारण दीडशे ते अडीचशे रुपयांत बसतो.

शब्दांचा गोंधळ नको. आपल्याकडे टॉर्चलाच बॅटरी म्हणतात. या लेखात हातात धरायची ती टॉर्च, जुनी काढायची ती बॅटरी आणि नवा बसवायचा तो सेल.

लेखातलं बाकी काही विसरलं तरी चालेल, एवढं ध्यानात ठेवा: जुनी बॅटरी काढून तिच्याच वायरींना लिथियम सेल जोडायचा नाही. जुनं चार्जिंगचं सर्किट टॉर्चमधून पूर्ण बाहेर काढायचं. कारण दुसऱ्या पायरीत आहे. ती पायरी वाचल्याशिवाय सोल्डर गरम करू नका.

## १. हातातली टॉर्च कोणत्या जातीची आहे ते ओळखा

मागे दोन पिना बाहेर येतात आणि त्या थेट घरातल्या सॉकेटमध्ये जातात, किंवा बारीक दोन भोकांत भिंतीवरची वायर घुसते, ती चार व्होल्टची लेड ॲसिड टॉर्च. हा लेख मुख्यतः तिच्यासाठी आहे. खोलल्यावर आत पांढरा, काळा किंवा राखाडी चौकोनी डबा दिसेल, त्यावर ४ व्ही लिहिलेलं असतं.

तीन बारीक पेन्सिल सेल एका गोल पिंजऱ्यात बसतात ती झूमची धातूची टॉर्च आणखी सोपी. पिंजरा काढून १८६५० मापाचा (१८ मिमी जाड, ६५ मिमी लांब) लिथियम सेल सरळ आत जातो, फक्त तो आत हलू नये एवढं बघायचं. २० मिमी ठिबकच्या लॅटरल नळीचा ६० मिमी तुकडा घ्या, उभा चिरा, सेलवर चढवा, ढिलेपणा जातो. सेल बाहेर काढून वेगळ्या लिथियम चार्जरवर चार्ज करायचा.

दोन मोठ्या सेलच्या जुन्या लोखंडी टॉर्चमध्ये बल्ब २.५ व्होल्टचा असतो. पूर्ण भरलेला लिथियम सेल ४.२ व्होल्ट देतो, तिथं हा बल्ब स्विच दाबताच जातो. बल्बच्या जागी त्याच टोपणाचा, ४.२ व्होल्टला चालणारा एलईडी बल्ब घाला. एका खान्यात १८६५० आणि दुसऱ्या खान्यात सेल नव्हे, तर ॲल्युमिनियमच्या गजाचा तुकडा बसवा. तीन सेलच्या टॉर्चमधला ३.८ व्होल्टचा बल्ब मात्र एका लिथियम सेलवर चालतो.

इथला सापळा: पेन्सिल सेलच्या मापाचे १४५०० नावाचे लिथियम सेल मिळतात. दिसायला तेच, पण एकाचेच ३.७ व्होल्ट. दोन पेन्सिल सेलच्या टॉर्चमध्ये असे दोन घातले की तीनच्या जागी साडेआठच्या आसपास व्होल्ट जातात आणि एलईडी तिथंच जळतो. घरात टीव्हीच्या रिमोटमध्ये, भिंतीवरच्या घड्याळात हे सेल कुणी चुकून घालणार नाही अशा जागी ठेवा.

## २. जुनं चार्जिंग का काढायचं

टॉर्च खोलली की पिनेजवळ एक छोटी पट्टी दिसते. तिच्यावर तपकिरी किंवा लाल रंगाचा चपटा कपॅसिटर असतो, त्यावर बहुतेक १०५जे ४०० व्ही किंवा ४७४जे ४०० व्ही छापलेलं असतं. १०५ म्हणजे १ मायक्रोफॅरड, ४७४ म्हणजे ०.४७. शेजारी चार काळे डायोड. ट्रान्सफॉर्मर कुठेच नाही. २३० व्होल्टची लाइन या कपॅसिटरमधून येते. तो करंट अडवतो, व्होल्टेज नाही. १ मायक्रोफॅरडमधून साधारण ७० मिलिॲम्पिअर, ०.४७ मधून ३३ च्या आसपास एवढा करंट बॅटरीत जात राहतो. कधी थांबायचं हे या सर्किटला कळत नाही. लेड ॲसिड बॅटरी हा जास्तीचा चार्ज थोडा सोसते: आतलं पाणी उडतं, बॅटरी सुकते, पण पेट घेत नाही.

लिथियम सेलला हे सोसत नाही. ४.२ व्होल्टला त्याचं पोट भरलं. त्यापुढे करंट रेटत राहिला की आत धातूचं लिथियम साठतं, वायू होतो, सेल तापतो आणि शेवटी फुटतो. करंट कमी आहे म्हणून धोका टळत नाही, उशिरा येतो. रात्री लावलेली टॉर्च पहाटे पेटते ती अशी.

यावर दुकानात हमखास मिळणारं उत्तर म्हणजे, "सेलला प्रोटेक्शनची पट्टी लावा, ती कापते." हे उत्तर चूक आहे, आणि का ते नीट समजून घ्या. प्रोटेक्शनची पट्टी ४.३ व्होल्टच्या आसपास सेलचा रस्ता बंद करते. रस्ता बंद झाला की करंटला जायला जागा उरत नाही, आणि कपॅसिटरच्या सर्किटचं व्होल्टेज चढतं. लाइनचं व्होल्टेज सर्वांत वर सव्वातीनशेपर्यंत जातं. पट्टीवरचा जो ट्रान्झिस्टर स्विचचं काम करतो, त्याची सहनशक्ती असते २० व्होल्टची. तो फुटतो, आणि फुटताना बहुतेक वेळा आतून जोडला जातो. म्हणजे राखणदार मेला आणि दारही उघडं राहिलं.

दुसरा धोका माणसाला. ट्रान्सफॉर्मर नसल्यामुळे चार्जिंगला लावलेल्या टॉर्चच्या आतल्या प्रत्येक तारेत लाइन असते, स्विचच्या पितळी पानातसुद्धा. कवच फुटलेलं असेल आणि हात ओला असेल तर एवढं पुरे. पीन सॉकेटमधून काढल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज राहू शकतो. त्याला उतरवायला शेजारी १ मेगाओहमचा रेझिस्टर असतो, पण स्वस्त टॉर्चमध्ये तो बऱ्याचदा तुटलेला असतो किंवा बसवलेलाच नसतो.

## ३. सामान

खरेदी एकदाच होईल, पण नीट बघून घ्या.

- टीपी४०५६ चार्जिंग मॉड्यूल (जुन्या सर्किटच्या जागी बसणारी, मोबाइल चार्जरवर चालणारी छोटी पट्टी), प्रोटेक्शनसह. साधारण २० ते ४० रुपये. दोन प्रकार असतात. सेलच्या बाजूला फक्त दोन टोकं असतील तर ते बिनप्रोटेक्शनचं, ते नको. चार टोकं असतील (बी+, बी−, आउट+, आउट−) तेच घ्या. टाइप-सी किंवा जुनी मायक्रो, घरात जी केबल असेल तसं.
- १८६५० सेल, एक. निवड पुढच्या पायरीत.
- एका सेलचा होल्डर, किंवा आधीच निकेलची पट्टी वेल्ड केलेला सेल.
- सोल्डर आयर्न २५ वॅटचा, सोल्डरची तार, थोडी पेस्ट.
- मल्टिमीटर. दोनशे-तीनशेचा साधा चालतो, पण असलाच पाहिजे. टेस्टरवर हे काम होत नाही.
- लाल-काळी मऊ वायर, प्रत्येकी एक फूट. तुटलेल्या चार्जिंग केबलमधल्या लाल-काळ्या वायरी जाड असतील तर त्याच वापरा. केसासारख्या बारीक असतील तर नको.
- हीट श्रिंक नळी (तापवली की आवळते ती), ग्लू गनची कांडी, सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा.
- ५ व्होल्ट १ ॲम्पिअरचा मोबाइल चार्जर.

नांदेडचा वजिराबाद असो, लातूरची गंजगोलाई असो की तालुक्याची बाजारपेठ, मोबाइल दुरुस्तीवाल्याला "टीपी चाळीस छपन्न, प्रोटेक्शनवालं" असं सांगितलं की कळतं. नुसतं "चार्जिंगची पट्टी द्या" म्हणालात तर बिनप्रोटेक्शनचं हातात पडू शकतं.

## ४. सेल निवडा, घाई करू नका

१८६५० हे नाव मापावरून आलंय: १८ मिमी जाडी, ६५ मिमी लांबी, शेवटचा शून्य गोल आकारासाठी. सेलचं सरासरी व्होल्टेज ३.६ ते ३.७, भरल्यावर ४.२, आणि ३ च्या खाली नेऊ नये.

नवा सेल घेताना आकड्याला भुलू नका. या मापाच्या डब्यात आजघडीला साधारण ३,५०० मिलिॲम्पिअर-तासांच्या वर फारसं बसत नाही. ज्यावर ६,८०० किंवा ९,९०० छापलंय तो खोटा. असल्या सेलमध्ये पुष्कळदा खरे हजारभरसुद्धा नसतात. ओळखायची सोपी खूण वजन. किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवा: खरा सेल ४२ ते ४८ ग्रॅमच्या घरात भरतो. तीस-पस्तीस ग्रॅम भरला तर परत द्या. १,५०० ते २,५०० छापलेला साधा सेल टॉर्चला उत्तम.

लॅपटॉपच्या जुन्या बॅटरीतले सेल स्वस्त पडतात. सहा सेलच्या पॅकमध्ये बऱ्याचदा एखादी जोडीच मेलेली असते, बाकीचे धड असतात. पॅक फोडताना स्क्रू-ड्रायव्हर खुपसून उचकटू नका. टोक सेलच्या पत्र्यात गेलं तर सेल हातातच पेटतो. प्लास्टिकचा सांधा पक्कडीने दाबत दाबत उघडा. सेलवर वेल्ड केलेली निकेलची पट्टी ओढून काढू नका, कात्रीने एक-दीड सेंटिमीटर ठेवून कापा. पुढे सोल्डर त्या पट्टीवरच करायचं आहे.

मग एकेक सेल तपासा. मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर. २.५ च्या वर असेल तर उमेदवार धरा. २ च्या खाली गेलेला सेल चार्ज होईलही, पण आत तांबं विरघळून पुन्हा चिकटलेलं असू शकतं आणि त्यातून आतल्या आत शॉर्ट होतो. तो बाजूला टाका. वेष्टण फुगलेलं, गंजलेलं, गोडसर रसायनाचा वास येणारा, तोही बाद.

जे उरले ते पूर्ण चार्ज करा, ४.१५ ते ४.२ पर्यंत, व्होल्टेज कागदाच्या पट्टीवर लिहून सेलला चिकटवा आणि आठ दिवस तसेच ठेवा. आठ दिवसांनी ४.१ च्या वर असेल तर सेल चांगला. ४.० च्या खाली घसरला तर तो आतून गळतोय. हा आठवड्याचा वेळ लोक वाचवतात आणि पुढे महिन्याभरात टॉर्च पुन्हा खोलतात.

एक गोष्ट अगदी जवळून बघा. सेलच्या वरच्या, बटणाच्या टोकाला डोळ्यांपाशी धरा. मधलं बटण प्लस. त्याच्याभोवती पांढरी किंवा हिरवी कागदाची चकती. चकतीच्या बाहेरची, दुमडलेली पत्र्याची कड मात्र प्लस नाही, मायनस आहे. सेलचा सगळा डबाच मायनस असतो आणि तो वरपर्यंत येतो. प्लस आणि मायनसमध्ये तिथं अंतर उरतं ते दीड-दोन मिलिमीटर. रंगीत वेष्टण त्या कडेवर फाटलेलं असेल आणि प्लसची पट्टी तिच्यावरून वळवली असेल, तर पट्टी घासून घासून एक दिवस शॉर्ट होते. म्हणून चकती जाग्यावर आहे का बघा, नसेल तर जाड कागदाची कापून चिकटवा, आणि वेष्टण फाटलं असेल तर नवी नळी चढवा.

मापात १८६५० बसतच नसेल, तर जुन्या बटणाच्या मोबाइलची बीएल-५सी बॅटरी बघा: ३.७ व्होल्ट, १,०२० मिलिॲम्पिअर-तास, पातळ आणि बाहेरून कडक. स्मार्टफोनमधली मऊ पिशवीसारखी बॅटरी मात्र टॉर्चमध्ये घालू नका. टॉर्च हातातून पडते, ट्रॅक्टरवर आदळते, आणि ती पिशवी एवढा मार सोसत नाही.

## ५. टॉर्च खोला, आतलं काढा

पीन सॉकेटमधून काढून किमान अर्धा तास जाऊ द्या. स्क्रू बहुतेक तीन-चार असतात, एखादा स्टिकरखाली लपलेला असतो. खोलल्या खोलल्या मोबाइलवर एक फोटो काढून ठेवा, वायरींचे रंग दिसतील असा.

कपॅसिटरच्या दोन्ही पायांना एक १० किलोओहमचा रेझिस्टर पक्कडीत धरून दोन सेकंद टेकवा. मग पिनेकडून येणाऱ्या वायरी कापा, पट्टी, डायोड, कपॅसिटर सगळं बाहेर काढा. पिनासुद्धा काढा. पिना राहिल्या तर घरातलं कुणीतरी सवयीने टॉर्च सॉकेटमध्ये खुपसणार. भोकं ग्लूने किंवा एम-सीलने बुजवा.

जुनी बॅटरी सरळ उचला. तिच्यात गंधकाचं आम्ल आहे. फुटली असेल तर हातमोजे घाला आणि कवचाचा आतला भाग खायच्या सोड्याच्या पाण्याने पुसून, वाळवून घ्या. शिसं असल्यामुळे भंगारवाला ती घेतो. पोरांच्या हाती फोडायला देऊ नका.

## ६. जोडणी

सेल होल्डरमध्ये शेवटी घालायचा. आधी सगळं सोल्डर.

१. होल्डरची लाल वायर मॉड्यूलच्या बी+ ला, काळी बी− ला.
२. आउट+ वरून लाल वायर स्विचच्या मधल्या टोकाला.
३. स्विचची बाकीची टोकं एलईडीच्या प्लसला: एक समोरच्या दिव्याला, एक बाजूच्या एलईडी पट्टीला. जुन्या वायरी होत्या तशाच राहू द्या.
४. दोन्ही एलईडींचा मायनस एकत्र करून आउट− ला.

बऱ्याच स्विचमध्ये एक जागा चार्जिंगची असते, तिथं आता काही जोडायचं नाही.

सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे एलईडीची वायर आउट ऐवजी बी ला लावणं. दिवा लागतो, सगळं ठीक वाटतं. पण मग सेल २.५ व्होल्टच्या खाली गेला तरी अडवायला कुणी नाही. टॉर्च चुकून चालू राहिली की सेल पार उतरतो, आणि तो कायमचा जाऊ शकतो.

दुसरी चूक सेल उलटा घालणं. टीपी४०५६ ला उलटा सेल क्षणभरही चालत नाही, चिप जळून वास येतो. होल्डरवर प्लसच्या बाजूला लाल नेलपॉलिशची खूण करा.

सोल्डर थेट सेलच्या तळावर करू नका. तिथला पत्रा उष्णता खेचतो, आयर्न जास्त वेळ दाबावा लागतो आणि आतलं प्लास्टिकचं पान वितळू शकतं. होल्डर नसेल तर निकेलच्या पट्टीवर सोल्डर लावा, दोन सेकंदांत उचला.

सेल घातल्यावर दिवा लागला नाही तर घाबरू नका. प्रोटेक्शनची चिप पहिल्यांदा झोपलेली असते. चार्जरची केबल एकदा लावून काढली की ती जागी होते आणि आउटवर व्होल्टेज येतं.

## ७. करंट मोजा

जुनी बॅटरी भरून शांत झाल्यावर ४.२-४.३ व्होल्टच दाखवायची. म्हणून चार व्होल्टच्या टॉर्चची एलईडी पट्टी बहुतेक वेळा जशीच्या तशी चालते. तरी मोजा: मल्टिमीटर १० ॲम्पिअरच्या भोकात, आउट+ ची वायर सोडवून मध्ये घाला. लाल सळई नंतर परत व्होल्टच्या भोकात लावायला विसरू नका, नाहीतर पुढच्या मापाला शॉर्ट होईल.

गोळीसारख्या ५ मिमी एलईडी असतील तर प्रत्येकी २० मिलिॲम्पिअर धरा. बारा असतील तर २४० पर्यंत ठीक. एकच चौकोनी १ वॅटचा एलईडी असेल तर ३५० पर्यंत. जास्त येत असेल किंवा पट्टीवर रेझिस्टरच नसेल, तर मध्ये घाला. १ वॅटच्या एलईडीचं व्होल्टेज ३.२ धरलं, तर ४.२ वजा ३.२ म्हणजे १ व्होल्ट, त्याला ०.३५ ने भागा: २.९ ओहम. बाजारात ३.३ मिळतो, १ वॅटचा घ्या.

रेझिस्टरचा एक तोटा आहे. सेल ३.६ वर आला की करंट जवळपास निम्मा होतो आणि उजेड उतरतो. एएमसी७१३५ चिपचा छोटा गोल ड्रायव्हर वापरला तर सेल उतरेपर्यंत ३५० मिलिॲम्पिअर तसेच राहतात. रात्री चार तास पाणी देणाऱ्यासाठी हा ड्रायव्हर घालणं मला रास्त वाटतं. २,००० च्या सेलवर हिशेब साडेपाच तासांच्या आसपास जातो. १ वॅटच्या एलईडीखाली ॲल्युमिनियमची चांदणी (उष्णता खेचणारी ताऱ्याच्या आकाराची चकती) असलीच पाहिजे, नाहीतर तो काही आठवड्यांत निळसर होऊन मंदावतो.

## ८. पहिलं चार्जिंग, कवच बंद करण्याआधी

टॉर्च उघडीच शहाबादी फरशीवर ठेवा. स्विच बंद. केबल लावा: लाल दिवा म्हणजे चार्ज चालू, निळा किंवा हिरवा म्हणजे झालं. दर पंधरा मिनिटांनी सेलला बोट लावा. कोमट चालेल. चटका बसत असेल तर केबल काढा, टॉर्च अंगणात नेऊन ठेवा, आणि तो सेल पुन्हा वापरू नका. मॉड्यूलची चिप मात्र तापतेच, पहिला तासभर तिला बोट टिकत नाही. म्हणून मॉड्यूल सेलला चिकटवून बसवायचं नाही, मध्ये बोटभर जागा ठेवा.

मॉड्यूल मुळात १ ॲम्पिअरने चार्ज करतं. जुना लॅपटॉपचा सेल किंवा बीएल-५सी असेल तर हे जास्त होतं. मॉड्यूलवर १२२ लिहिलेला बारीक रेझिस्टर असतो, १.२ किलोओहमचा. त्याच्या जागी २.४ किलोओहम लावला की करंट ५०० मिलिॲम्पिअरवर येतो. चार्जला दुप्पट वेळ लागेल, सेल जास्त टिकेल, चिपही कमी तापेल.

दिवा निळा झाल्यावर बी+ आणि बी− वर मोजा. ४.१५ ते ४.२२ बरोबर. ४.२५ च्या वर दाखवत असेल तर मॉड्यूल सदोष आहे, बदला.

चार्ज होत असताना टॉर्च लावू नका. सेल भरला हे चिपला करंट घटल्यावरून कळतं. दिवा करंट ओढत राहिला तर लाल दिवा विझतच नाही.

## ९. कवच बंद करणं

केबलचं भोक मागच्या बाजूला, खाली तोंड करून येईल असं पाडा. त्यावर सायकलच्या ट्यूबचा टिकलीएवढा तुकडा एका बाजूनेच चिकटवा, म्हणजे झडपेसारखा उघडेल. पाटातल्या पाण्याचे शिंतोडे आणि काळ्या मातीची धूळ यांनीच ते तोंड सर्वांत आधी खराब होतं.

सेल होल्डरमध्ये असला तरी टॉर्च आपटली की उडतो, म्हणून होल्डरसकट एक रबर किंवा चिकटपट्टी गुंडाळा. ग्लू सेलच्या अंगावर दोन थेंब चालतो, पण प्लसच्या टोकावर ग्लू किंवा एम-सील लावू नका. बटणाच्या खाली बारीक झरोके असतात, दाब वाढला तर वायू तिथून निघतो. ते बुजले तर सेल फुटतो.

## १०. आपल्याकडचा उन्हाळा

लिथियम सेल ४५ अंशांच्या वरच्या हवेत चार्ज करू नये. परभणी, नांदेड, बीडकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ च्या पुढे जातो, आणि पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून जास्त असतो. त्या दिवसांत चार्जिंग रात्री उशिरा किंवा पहाटे, फरशीवर. दुपारी टॉर्च ट्रॅक्टरच्या डॅशवर किंवा मोटारसायकलच्या डिकीत ठेवू नका.

दिवाळीनंतर घरात कापसाचा ढीग असतो, गोठ्यात कडबा असतो. तिथं चार्जिंग अजिबात नको. सेल पेटलाच तर केबल काढता आली तर काढा, टॉर्च बाहेर ढकला, दुरून भरपूर पाणी मारा. पाणी सेलला थंड करतं. धूर विषारी असतो, तो छातीत घेऊ नका.

सोलर दिव्यांत मिळणारे ३.२ व्होल्टचे लिथियम फॉस्फेट सेल उष्णतेला जास्त टणक असतात आणि मोठ्या कवचाच्या टॉर्चमध्ये ३२ मिमी जाडीचा सेल छान बसतो. पण त्यांचं पोट ३.६५ व्होल्टला भरतं. टीपी४०५६ त्यांना चालत नाही. टीपी५००० मॉड्यूल घेऊन ते ३.६ वर लावून घ्यावं लागतं.

## ११. नंतर दिसणारे दोष

टाइप-सी केबल लावली तरी लाल दिवा लागत नाही. दोन्ही टोकांना टाइप-सी असलेली केबल असेल तर स्वस्त मॉड्यूल ओळख देत नाही, चार्जर व्होल्टेज सोडत नाही. एका टोकाला जुनं चपटं यूएसबी असलेली केबल वापरा.

लाल दिवा रात्रभर तसाच. स्विच चालू राहिला असेल, नाहीतर सेल आतून गळतोय. सेल काढून आठ दिवसांची चाचणी पुन्हा घ्या.

दिवा लागून लगेच विझतो. सेल थकलेला आहे: भार पडताच व्होल्टेज कोसळतं आणि प्रोटेक्शन कापतं. दिवा चालू असताना बी+ बी− मोजा. भरलेला सेल ३५० मिलिॲम्पिअरला ३.९ च्या खाली जात असेल तर बदला.

हलवलं की लुकलुकतो. सोल्डरचा सांधा मळकट, राखाडी दिसेल. पेस्ट लावून पुन्हा गरम करा, सांधा चकचकीत दिसला पाहिजे. स्विचच्या पानांवर काळा थर असेल तर खोडरबराने घासा.

हंगाम संपला की टॉर्च पूर्ण भरून ठेवू नका, उतरवूनही नाही. ३.७-३.८ व्होल्टवर सेल काढून, दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून घरातल्या गार कोपऱ्यात ठेवा आणि दर तीन महिन्यांनी एकदा मोजा. ३.४ च्या खाली दिसला तर अर्धा तास चार्ज द्या.

मेलेला सेल उकिरड्यावर किंवा चुलीत टाकायचा नाही. टोकांना चिकटपट्टी लावून मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात किंवा ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.